रंगाखाली अडकलेलं चाक

माझ्या अंगाला वायर नाही, मला बटण नाही आणि माझा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. मित्रांनो, मी हाताने फिरवायचा एक जुना ड्रिल आहे. तळहाताएवढं दातेरी चाक, त्याच्या कडेला गोल लाकडी मूठ, मोठ्या चाकाच्या दातांत दात घालून बसलेलं एक चिमुकलं चाक आणि सगळ्यांत खाली माझं तोंड. तोंडात बिट, म्हणजे भोक पाडणारी पिळाची सळई, घट्ट धरायला तीन जबडे. वरची मूठ डाव्या हाताने दाबून धरायची आणि उजव्या हाताने चाक फिरवायचं. चाक एक फेरा घालतं, तेवढ्यात बिट कितीतरी गिरक्या घेऊन मोकळं होतं. दळणाऱ्या बाईच्या हाती जातं फिरावं, तसा मी फिरतो. जात्यातून पीठ पडतं, माझ्यातून लाकडाच्या कुरळ्या बटा.

मला कुठल्या कारखान्यात ओतलं, कुणी घासलं, कुणी जोडलं, ते मला सांगता यायचं नाही. जन्माच्या वेळचं कुणाला आठवतं? माझी आठवण सुरू होते ती जुन्या पनवेलातल्या मारोती सुतारांच्या दुकानापासून. दुकान कसलं, रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड. आत सागवानाचा वास आणि गुडघाभर भुसा.

ते दिवस भरभराटीचे होते. खाडीच्या काठाने नवं शहर उठत होतं. जिथे काल भाताची खाचरं होती तिथे आज चार मजले उभे राहत होते. प्रत्येक इमारतीला दारं, दारांना बिजागऱ्या, बिजागऱ्यांना स्क्रू आणि स्क्रूच्या आधी मी. माझ्या भोकाशिवाय एक दार उघडलं नाही की मिटलं नाही. मारोतींनी सकाळी दुकान उघडलं की ते आधी माझ्या चाकाच्या आसाला तेलाचा थेंब द्यायचे आणि मग स्वतःचा चहा सांगायचे. गिऱ्हाईक आलं की मी पाडलेलं भोक दाखवायचे.

"बोट फिरवून बघा साहेब. कडेला कुसळ लागलं तर दार परत न्या."

कुसळ कधी लागलं नाही. मला त्या वेळी फार ताठा होता, हे कबूल करायला लाज वाटत नाही. काम करणाऱ्याला थोडा ताठा शोभतो.

पुढे मारोतींची नजर अधू झाली. ते गावी गेले आणि दुकान मुलाने, सुधीरने, हाती घेतलं. सुधीरने विजेचा ड्रिल आणला. तो नुसता बटणावर चालायचा. घूंऽ करून भिंतीतही शिरायचा, लाकडातही शिरायचा. मला त्याचा राग आला नाही, मित्रांनो. तोही राबणाराच होता. फक्त त्या दिवसापासून माझी जागा बाकावरून भिंतीवरच्या खिळ्यावर गेली.

सुधीर मनाने वाईट नव्हता. उलट भाविक होता. गावी जाताना वडिलांनी त्याला बजावलं होतं की खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकवू नकोस. त्याने ती एकदाही चुकवली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो दुकान धुऊन काढायचा, हत्यारं मांडायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूचे हार घालायचा. पण पूजेला मांडलेलं हत्यार जुनाट दिसू नये असं त्याला वाटे. म्हणून तो बाजारातून ऑइलपेंटचा डबा आणी आणि मला खिळ्यावरून न काढता, वरपासून खालपर्यंत, एकाच ब्रशने रंगवून टाकी. मूठ, चाक, चाकाचे दात, दातांमधल्या खाचा, तोंड, जबडे, सगळं. एका वर्षी हिरवा. पुढच्या वर्षी निळा. मग शेंदरी, मग रुपेरी. ओला रंग वाळायच्या आत हारही पडायचा.

खंडेनवमीला हत्याराने काम करायचं नसतं, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. त्या दिवशी त्याची विश्रांती. दसरा उजाडला की बाकीची हत्यारं कामाला लागायची. माझी खंडेनवमी मात्र संपायचीच नाही. मी वर्षभर खिळ्यावर नटून बसलेला. येणारे जाणारे म्हणायचे, "काय चकाचक ठेवलाय." आणि आत, रंगाच्या थरांखाली, माझे दात एकमेकांना चिकटत चालले होते.

एके दिवशी सुधीरला एका कपाटाच्या अरुंद कोपऱ्यात भोक पाडायचं होतं. विजेच्या ड्रिलचं पोट तिथे मावेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, मी खिळ्यावरच हरखलो. त्याने मला खाली काढलं, चाकाला हात घातला, आणि चाक हललं नाही. त्याने जोर केला. नाही हललं. दोन्ही हातांनी पिळलं. नाही.

"जाम झालाय. गेला कामातून," तो स्वतःशीच म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच उतरला होता. पण दुपारी भंगारवाला आला, तेव्हा मी त्याच्या गोणीत होतो.

खांदेश्वरहून तळोज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुनैदचं भंगाराचं दुकान होतं. सायकलींचे सांगाडे, कुकरची झाकणं, तुटक्या कूलरचे पंखे. त्यातच माझ्या जातीची मंडळीही पडलेली. पातं नसलेला एक रंधा होता. दात बोथटलेली करवत होती. एक पटाशी होती, तिच्या धारेने कुणीतरी वर्षानुवर्षं डब्यांची झाकणं उघडली होती. आमच्यापुढे एकच वाट होती, वितळायला जायची. तिथे आम्ही मुकाट पडून होतो.

तेवढ्यात अय्युब आले.

अय्युब जहाजावर फिटर होते. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. उमर सगळी इंजिनच्या खोलीत काढली आणि निवृत्त होऊन खांदेश्वरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पण ज्याचे हात आयुष्यभर पान्यावर होते, त्याने नुसतं टीव्हीचं बटण किती दाबायचं? म्हणून त्यांनी नाद लावून घेतला. दर शुक्रवारी नमाजानंतर जुनैदकडे यायचं, भंगारात हात घालायचा, जुनं हत्यार शोधायचं, भंगाराच्या भावात घरी न्यायचं आणि बाल्कनीत बसून त्याला पुन्हा कामाचं करायचं.

"चाचा, ह्या रंगीत डब्ब्याचं काय करनार? लोनचं घालनार?" जुनैदने विचारलं.

"तू वजन कर. लोनच्याचं मी बघतो."

"चालत नाय तो. मी फिरवून बघितलाय."

"तू मला पन दोन वर्षांपूर्वी बोललेलास, चाचा आता तुमी काय चालनार नाय म्हनून. आलो ना चालत?"

जुनैद हसला. त्याने मला काट्यावर टाकलं, आणि रंधा, करवत, पटाशी यांच्यासकट मी एका पिशवीतून खांदेश्वरला पोचलो.

दार शमसुन्निसांनी उघडलं. अय्युबांची ही बायको. हातात सुकट पाखडायचं सूप, कपाळावर आठी.

"आनला अजून एक मेलेला?"

"मेलेला नाय शमसू, बेशुद्ध हाय."

"अवो, बाल्कनीत माजी सुकट वाळते. तिला गंजाचा वास मारतो. खालच्या नंदिनीबाई परवा वर आल्या, म्हनाल्या, चादरींवर लाल भुकटी पडते. सोसायटीत काय सांगू मी? माजा नवरा लोखंड दळतो म्हनून?"

"सांग. खोटं काय त्यात?"

त्या दोघांचं बोलणं असंच चालायचं. भांडणासारखं वाजायचं, पण चहाचे कप दोन आणि बशी एकच.

अय्युबांनी मला रॉकेलच्या डब्यात बुडवलं. त्यांची समजूत अशी की आत गंज चढलाय. रॉकेलने गंज सुटतो. मी बुडून राहिलो, बाहेर आलो, चाक हललं नाही. त्यांनी तेल सोडलं. नाही हललं. मग त्यांनी लहान हातोडी घेतली आणि मोठ्या चाकावर हलकेच ठोकू लागले. हलकेचचं थोडं जोरात झालं. माझं चाक ओतीव लोखंडाचं आहे, मित्रांनो. ते गंजतं उशिरा, पण ठोक्याने तडकतं. आणखी दोन ठोके, आणि माझी गोष्ट तिथेच संपली असती.

"थांबा," शमसुन्निसा म्हणाल्या. त्या सुकट पालटायला आल्या होत्या. "बघू इकडे."

त्यांनी मला उजेडाकडे धरलं. चाकाच्या दाताला नख लावलं. नखाखाली रुपेरी पापुद्रा आला. त्याखाली शेंदरी.

"ह्याला गंज नाय लागलेला. ह्याला रंग लागलाय."

"रंग?"

"रंगावर रंग, रंगावर रंग. दातांत घट्ट बसलाय. माजा बाबा होडीला दरसाल रंग द्यायचा ना, पन आधी आमाला सगळ्यांना बसवायचा खरवडायला. लाकूड दिसेपर्यंत. नुसता वरून फासला तर तो मारायचा हातावर."

शमसुन्निसांचे वडील होड्या बांधणारे सुतार होते. खाडीकाठच्या त्यांच्या गावात त्यांच्या हातच्या होड्यांचं नाव होतं. त्या आठवणीने शमसुन्निसांच्या कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, आणि एक जुना बोथट चाकू घेऊन स्वतःच बसल्या.

मग माझ्या अंगावरून एकेक दसरा उतरू लागला. रुपेरी उतरला. शेंदरी उतरला. निळा, हिरवा. अय्युब सुईने दातांमधल्या खाचा कोरत होते, शमसुन्निसा चाकाचा तळवा खरवडत होत्या. एका थरात काहीतरी चिकटलेलं दिसलं. अय्युबांनी चिमट्याने उचललं. झेंडूची पाकळी होती, काळपट पडलेली, पण पाकळीच.

त्यांनी ती उजेडात धरली.

"ह्याला कुनीतरी हार घातलेला," अय्युब म्हणाले.

"दरसाल घातलेला. आनि एकदा पन फिरवून बघितला नाय." शमसुन्निसांनी पाकळी तळहातावर घेतली आणि तुळशीच्या नाही, पण त्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीत सोडली. "वाईट कुनी केलेलं नाय ह्याचं. मायेनेच केलंय."

शेवटची खाच मोकळी झाली. आसावर तेलाचा थेंब पडला. अय्युबांनी चाकाला हात लावला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात मागे घेऊन मला बायकोकडे दिलं.

"तू फिरव."

शमसुन्निसांनी फिरवलं. चाक आधी कुरकुरलं, मग अडखळलं, आणि मग, मित्रांनो, ते फिरलं. मी फिरलो. दातांत दात सरकले, बिटाने गिरकी घेतली, आणि खालच्या सागाच्या तुकड्यातून एक कुरळी बट अलगद वर आली. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडाला लाकडाची चव लागली.

आणि त्याच आठवड्यात बासित आला.

बासित म्हणजे शमसुन्निसांचा धाकटा भाऊ. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याचा व्यापार करायचा. येताना कांद्याची पिशवी आणि तोंडात घाई, दोन्ही घेऊनच यायचा.

"बुबू," तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "बाबाची होडी मोडायला काढतोय."

शमसुन्निसांनी हातातला कप खाली ठेवला.

ती होडी त्यांच्या वडिलांनी बांधलेली शेवटची. वडील गेल्यापासून ती करंजाड्याच्या अंगाला, खाडीकाठच्या चिखलात, पालथ्या माशासारखी पडून होती. रोजची भरती तिच्यापर्यंत पोचत नसे. फक्त उधाणाचं पाणी तिला शिवून जायचं. तळाच्या फळ्या कुजल्या होत्या.

"लाकूडवाला ठरलाय. जळनाला घेतोय. कशाला ठेवायची? कोन बसनार तिच्यात? दुरुस्तीला सुतार न्यायला गेलो, तो म्हनाला तिथं लाईट नाय, माजं मशीन कुठं लावू? टेन्शन नुसतं."

"मला दे."

"काय करशील? दुसऱ्या मजल्यावर आनशील?"

"पान्यात घालीन."

बासित हसायला लागला, पण बहिणीचा चेहरा बघून थांबला. मग त्याने व्यापाऱ्यासारखा सौदा केला. "ठीक हाय. येत्या पौर्णिमेच्या उधानाला ती पान्यावर उभी राहिली तर तुजी. नाय राहिली, तर लाकूडवाला कुऱ्हाड घेऊन तिथंच उभा असेल. मग रडायचं नाय."

"रडते कोन? आधी सांगून ठेव त्याला, जेवून ये म्हनावं. रिकामा परत जायचाय."

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघाली. अय्युबांच्या स्कूटरवर पुढे पिशवी, पिशवीत मी, रंधा, करवत, पटाशी, आणि मागे शमसुन्निसा डबा घेऊन. आम्ही सगळी भंगारातली मंडळी. पण आता रंध्याला नवं पातं होतं, करवतीचे दात कानशीने उजळले होते, पटाशीची धार अंगठ्यावरचा केस उतरवत होती. माझ्या आसाला तेल होतं.

होडी पाहून माझा जीव आधी घाबरा झाला. तळाच्या फळ्या बोट लावलं तर भुगा होत होत्या. पण आतल्या फासळ्या, म्हणजे होडीच्या बरगड्या, टणक होत्या. अय्युबांनी कुजलेल्या फळ्या काढल्या. एका पाडलेल्या घराचं सागवान त्यांनी मिळवलं होतं. करवत गात गात चालली. रंध्याने ढलप्यांचा ढीग घातला. पहिली फळी फासळीवर बसली, आणि अय्युबांनी खिळा घेऊन हातोडी उगारली. ते पडले लोखंडाचे माणूस. खिळा ठोकला. फळी टच्कन उभी चिरली.

नेमका तेव्हा बासित तिथे आला होता. चिखल लागू नये म्हणून पँट वर धरून उभा.

"बरोबर चाललंय दुल्हाभाई. जळनच करायचंय ना, बारीक करून ठेवा. लाकूडवाला दुवा देईल."

अय्युबांनी चिरलेली फळी बाजूला टाकली. दुसरी तेवढ्या लांबीची फळी एकच उरली होती. ती चिरली असती तर होडीचा तळ उघडाच राहणार होता आणि पौर्णिमा जवळ येत होती. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"बाबा आधी भोक पाडायचा," शमसुन्निसा म्हणाल्या. "खिळ्यापेक्षा बारीक. मग खिळा आपसूक वाट धरतो. लाकडाला कळत पन नाय."

त्यांनी पिशवीतून मला काढलं.

मित्रांनो, त्या चिखलात, उन्हात, ती बाई गुडघे टेकून बसली. वरची मूठ तिने छातीशी धरली आणि चाक फिरवू लागली. तिच्या वडिलांच्या हाताखाली बसताना ऐकलेली चाल तिच्या ओठांवर आली, शब्द तिचे तिनेच बांधले.

फिर रे चाका, सावकाश फिर,
सागाच्या पोटात अलगद शिर,
बाबाच्या होडीला येऊ दे धीर,
फिर रे चाका, सावकाश फिर.

मी सावकाश फिरलो. फळीतून उतरलो, फासळीला लागलो, आणि तिथे अचानक माझं बिट कशालातरी टेकलं. लाकूड नव्हतं ते. जुना खिळा होता, फासळीच्या आत मोडून राहिलेला. एक फेरा जास्त पडता तर बिट मोडून आतच राहिलं असतं आणि दुसरं बिट आमच्याकडे नव्हतं. पण माझ्या मुठीतली थरथर शमसुन्निसांच्या छातीला कळली. त्या थांबल्या. चाक उलटं फिरवून मला हळूच बाहेर घेतलं.

"आत लोखंड हाय. बोटभर बाजूला घेऊ या."

हाताने फिरवायच्या हत्याराचं हे एक सुख आहे. लाकूड काय म्हणतंय ते मुठीतून थेट माणसापर्यंत जातं. बोटभर बाजूला नवं भोक पडलं. अय्युबांनी खिळा ठेवला, ठोकला. फळी चिरली नाही. आवाजसुद्धा कसा भरदार आला. बासितने पँट जरा खाली सोडली आणि थोडा पुढे सरकला.

मग भोकामागून भोक, खिळ्यामागून खिळा. शमसुन्निसा थकल्या की अय्युब फिरवायचे, अय्युब थकले की शमसुन्निसा. पाणी आत शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा होता. तो कुठून आणायचा, हा प्रश्न नंदिनीबाईंनी सोडवला. चादरींवरच्या लाल भुकटीची तक्रार घेऊन त्या पुन्हा वर आल्या होत्या. सगळं ऐकून खाली गेल्या आणि एक जुनी गादीच ओढत घेऊन आल्या.

"घ्या. आमच्या लग्नातली आहे. ढेकणांना पुरून उरली, पाण्याला काय घाबरणार?"

कापसाच्या वाती वळल्या, तेलात कालवलेली राळ वरून चोपडली, सगळ्यांनी मिळून पालथी होडी सुलटी केली, आणि पौर्णिमेचा दिवस उगवला.

उधाणाचं पाणी भर दुपारी चढतं. काठावर लाकूडवाल्याचा टेम्पो उभा होता. त्यात दोन माणसं, दोन कुऱ्हाडी. बासित घड्याळ बघत होता. नंदिनीबाई छत्री घेऊन आल्या होत्या. शमसुन्निसा होडीत बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या मांडीवर.

पाणी आलं. आधी चिखलातून चमकत चमकत आलं, मग होडीच्या बुडाला लागलं, मग कडांवर चढलं. होडी जागची हलली नाही. आणि तळाच्या एका सांध्यातून, माझ्याच एका भोकाच्या शेजारून, पाण्याची बारीक धार आत आली.

"बुबू, गळतेय," बासित ओरडला.

टेम्पोतली माणसं खाली उतरली. मला वाटलं, भोक माझं वाकडं पडलं असेल. लोखंडाला घाम येत नाही म्हणतात, पण मला त्या वेळी आला होता.

शमसुन्निसांनी हात वर केला. "कोनी हलू नका. लाकूड तहानलंय. इतकी वर्सं कोरडं पडलंय, पानी पिऊ दे त्याला."

"अगं पन—"

"बासित, तू कांदे ओळखतोस ना? मग गप."

पाणी आत येत होतं, शमसुन्निसांची बोटं त्या सांध्यावर टेकलेली होती. सागाने पाणी प्यायलं. हळूहळू ते फुगलं, कापूस फुगला, फळी फळीला भिडली. धार बारीक झाली. धारेचे थेंब झाले. थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. मग एक थेंब यायचा, तो आलाच नाही.

आणि होडी उचलली गेली. झोपलेल्या लेकराने कूस बदलावी, तशी ती एका अंगाला हलली, दुसऱ्या अंगाला हलली आणि पाण्यावर सरळ उभी राहिली. चिखलाची मिठी सुटल्याचा चुळुक असा आवाज झाला. अय्युब कमरेएवढ्या पाण्यात होते. त्यांनी फक्त होडीच्या काठावर थोपटलं, जहाजाच्या इंजिनावर थोपटावं तसं. नंदिनीबाई टाळ्या वाजवत होत्या आणि छत्री वाऱ्यावर निघाली होती. टेम्पोवाल्यांनीसुद्धा कुऱ्हाडी खाली ठेवल्या आणि बघत राहिले.

बासितने टेम्पोवाल्याला हातानेच निरोप दिला. मग त्याने चपला काढल्या, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि पाण्यात शिरला.

"बुबू, मला घे."

"तुजी कुठं हाय? माजी हाय ती."

"तुजीच हाय. मी कुठं नाय म्हनतो? घे ना."

"ये. पन पाय धुऊन बस. बाबाला चिखल आवडायचा नाय."

तो पाय धुऊन बसला, मागोमाग अय्युबही चढले. बासितच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सगळीकडेच पाणी होतं, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. शमसुन्निसांनी बांबूने होडी पुढे ढकलली. खाडीचं पाणी तिच्या तळाशी गुळगुळ वाजत होतं. मी पाडलेल्या प्रत्येक भोकात एकेक खिळा घट्ट उभा होता आणि त्या खिळ्यांवर तीन माणसं आणि एका सुताराचं नाव तरंगत होतं. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ दारं उघडली. पण अख्खी खाडी उघडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तुमच्याही घरात एखादं जुनं हत्यार असेल. माळ्यावर, पलंगाखाली, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात. त्याची पूजा जरूर करा, हळदकुंकू लावा, हार घाला. आम्हालाही नटायला आवडतं. पण दसरा उजाडला की आम्हाला हातात घ्या. चाक फिरतं का बघा. फिरत नसेल तर गेला कामातून असं म्हणण्याआधी नख लावून पाहा, कदाचित अडकलेलं काही सहज सुटणारं असेल. थेंबभर तेल द्या, थोडा वेळ द्या, आणि काहीतरी काम सांगा, कितीही लहान असू दे. भिंतीवरच्या मानापेक्षा आम्हाला हाताची ऊब हवी असते.

बरं, आता मला जाऊ द्या. शमसुन्निसांनी पिशवी उघडली आहे. होडीला वल्ही लावायची आहेत. वल्ही अडकवायला खुंट्या हव्यात, आणि खुंट्यांच्या आधी भोकं.